पाच तज्ज्ञ, एकच भाव

"पाचही विश्लेषक मार्चसाठी कापसाचा एकच भाव सांगतात, म्हणजे कापूस न विकता थांबायला हरकत नाही" असं कुणी लिहिलंय. पण एकमत म्हणजे पाच स्वतंत्र अंदाज नव्हेत. तसं पाहिलं तर आकडे जुळले म्हणून एकमेकांची नक्कलही ठरत नाही. पिकाच्या गाठींचा अंदाज, न्यूयॉर्कचा कापूस वायदा, डॉलरचा भाव ही माहिती सगळ्यांकडे एकच.

इतरांचे आकडे बघून आपला ठरवणं म्हणजे कळप; तो ओळखायची एक रीत २००६ मध्ये बर्नहार्ट, कँपेलो आणि कुत्सोआती या अभ्यासकांनी मांडली. एकेका विश्लेषकासाठी वहीत चार रकाने आखा: तारीख, अंदाज, त्याच्या *आधी* आलेल्या इतरांच्या अंदाजांची सरासरी, मुदतीला निघालेला भाव. सरासरीच्या वरच्या अंदाजांपैकी किती प्रत्यक्ष भावाच्याही वर गेले, आणि खालच्यांपैकी किती भावाच्याही खाली, हे वेगवेगळं काढा. दोन्ही प्रमाणांची सरासरी ०.५ च्या आसपास असेल तर ठीक. बरीच कमी आली तर गडी आपला आकडा कळपाकडे ओढतोय. जास्त आली तर मुद्दाम वेगळं बोलतोय. कच्च्या तेलाच्या अंदाजकारांत हाही प्रकार सापडलाय. भाव अचानक पडला तर वरचे बहुतेक अंदाज भावाच्याही वर राहतात, खालचे मात्र कमीच खाली, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या; धक्का तिथंच कटतो. आठ-दहा नोंदींवर मात्र निकाल देऊ नका.

घोळ होतो तो शेवटच्या रकान्यात. हिंगणघाटचा बाजार धरला तर दर वेळी हिंगणघाटच, तेही सर्वसाधारण दर. कमाल दर दोन-चार गाड्यांचा असू शकतो. आणि रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) खंडीचा (३५६ किलो) अंदाज कापसाच्या क्विंटलशी सरळ जोडू नका, मध्ये सरकीचा भाव आणि रुईचा उतारा (कापसातून किती रुई निघते) येतो.