वावरात नवं अवजार कशामुळे आलं? तुमचे अनुभव लिहा

काल काटोल रोडनं येताना एका वावरात रुंद वरंब्यावरचं सोयाबीन दिसलं, ४ ओळी अन् मग सरी. बाबा आठवले. कृषी सहायक ३ वर्षं बीबीएफचं, म्हणजे याच रुंद वरंबा-सरी पेरणीच्या यंत्राचं, सांगत होते, बाबांचं एकच, "सरीत जागा वाया जाते." मग धुऱ्यापलीकडच्या काकांनी २ एकर करून पाहिलं. जुलैत झड लागली. त्यांच्या सरीतून पाणी निघून गेलं, आमचं सोयाबीन पिवळं पडलं. बाबा रोज संध्याकाळी धुऱ्यावर उभे राहायचे, बोलायचे काहीच नाही. पुढच्या हंगामात यंत्र विचारायला स्वतः गेले. तुमच्याकडे कशानं बदललं?

उमरेडकर
सालदार भेटेना, जोडी विकली. गावातल्या ट्रॅक्टरले रोटाव्हेटर होतं म्हणून रोटाव्हेटर, आपण निवडलं कुठं? दरसाल तेच मारून खाली थर कडक झाला, पाणी मुरेना. आता उन्हाळ्यात खोल नांगरटी करून घेतो.

नरखेडची सून
जोडी विकली वाचून कसंतरी झालं. नावं काय होती?

उमरेडकर
पाखऱ्या अन् चांद्या. आई पोळ्याले अजून त्यांच्या वाट्याच्या पोळ्या काढते.

धानवाली मौदा
आमच्या बांध्या लहान, ट्रॅक्टर वळतच नाही. चिखलणीले पॉवर टिलर पाहिजे होता. महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलच्या, सोडतीत नाव निघालं, पण आधी पूर्ण पैसे भरा, अनुदान मागून खात्यात! पाटल्या गहाण ठेवल्या तेव्हा आला. ज्याच्याकडे पाटल्याच नाहीत त्यानं काय करावं?

मक्तेदार शेतकरी
मी मक्त्यानं करतो. पुढच्या साली वावर माझ्याकडे राहील का हेच माहीत नसते, सपाटीकरणात पैसा कोण घालेल?

बुटीबोरी
रुंद वरंबा काही नवा नाही हो. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं हैदराबादजवळ १९७० च्या दशकातच काळ्या मातीसाठी त्यावर काम केलं होतं, अन् तेव्हाचं अवजार बैलच ओढायचे.

उमरेडकर
हे बैल होते तेव्हा सांगाचं होतं ना भाऊ 😔

कळमेश्वर
हरभऱ्याले बीबीएफ भाड्यानं कोणाकडे भेटेल?

धानवाली मौदा
शेतकरी गटाच्या अवजार बँकेत विचारा, तिथं अवजारं भाड्यानं भेटतात. सोयाबीन निघायच्या आधीच नंबर लावा, मग सगळ्यांले एकाच दिवशी पाहिजे असते. कुकर झाला, येते.