मास स्टार्ट म्हणे लॉटरी! २०१८-१९ चा हंगाम बघितलाय का?

सुस्कारा
परवा 'तिरकस' यांनी लिहिलं, बायथलॉनमधली (स्कीवर पळायचं आणि मध्येमध्ये थांबून रायफलने नेम मारायचा, तो खेळ) पुरुषांची मास स्टार्ट, म्हणजे सगळे एकदम सुटतात ती शर्यत, ही निव्वळ लॉटरी आहे, ती बंद करा. पुरावा काय, तर २०१९ ला स्वीडनमधल्या ऑस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत इटलीचा डोमिनिक विंडिश जिंकला. सोडून देणार होतो, पण रात्री अकराला पुन्हा वाचलं आणि झोप उडाली.

अहो, स्प्रिंट नावाच्या शर्यतीत एकेक जण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने सुटतो. माझ्या वेळी वारा पडलेला, तुमच्या वेळी सुसाट. त्याला कोणी लॉटरी म्हणत नाही. मास स्टार्टमध्ये तीस जण एकदम सुटतात, एकाच वाऱ्यात गोळ्या झाडतात, आणि जो आधी पोचला तो जिंकला. गणित नाही, घड्याळ नाही. यापेक्षा सरळ शर्यत कोणती?

आणि तुम्ही जो हंगाम पुरावा म्हणून आणलात, त्यात नॉर्वेचा योहानेस बो १६ शर्यती जिंकला. हंगामाचा एकूण ग्लोब (ट्रॉफी) त्याचा, एकेका शर्यत-प्रकाराचे चारही छोटे ग्लोब त्याचे, मास स्टार्टचासुद्धा. लॉटरी एकाच माणसाला वर्षभर लागत असेल तर मला त्या दुकानाचा पत्ता द्या.

तिरकस
वर्षभर? मास स्टार्टच्या पाच शर्यती, साहेब. नोव्हे मेस्तो, रुपोल्डिंग, अँटहोल्झ, ऑस्टरसुंड, ओस्लो. आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत याहून जास्त फेऱ्या होतात. बो त्या वर्षी लुडोही जिंकला असता, त्याने मास स्टार्टबद्दल काय सिद्ध होतं? माझा मुद्दा विंडिशचा आहे. तीन गोळ्या चुकवून जगज्जेता. बो शेवटच्या स्टँडिंगला (उभ्याने नेमबाजीला) आला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. वारा आला, संपलं. अकरा दिवसांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस, आणि निकाल कोणी लावला, तर हवेने.

ओस्लोकर
२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला बोने चार गोळ्या चुकवून सुवर्ण घेतलं. तीही लॉटरी का?
(आणि तो 'बो' नाही हो. त्या स्वराला मराठीत अक्षरच नाही. बारा वर्षं इथे राहून मलाही तो नीट जमत नाही, ऑफिसात अजून हसतात. असो.)

तिरकस
धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत. चार चुकवून सुवर्ण, म्हणजे नेमबाजी नावालाच. पाय जोरात चालले की झालं.

पन्हाळ्याचा वारा
आता कसं बोललात! मी कोल्हापुरात पन्नास मीटर प्रोन (आडवं पडून रायफल) मारतो, म्हणून सांगतो. ह्यांचं स्टँडिंगचं टार्गेट ११५ मिलिमीटरचं. चहाची बशी आहे ती! आमचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. अंतर तेच, पॉइंट टू टूचीच गोळी. स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं ते ह्या टिकलीवर. २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली ती ह्याच टिकलीवर. आणि 'वारा आला' म्हणून रडायचं नसतं, भावा. झेंडी बघायची, नेमाच्या साइटला क्लिक देऊन नेम सरकवायचा, नाहीतर श्वास धरून थांबायचं. वारा काय बोचं आडनाव विचारून येतो?

ओस्लोकर
थांबायचं म्हणे! इथे तुम्ही थांबलात की शेजारच्या लेनमधला उठून गेलेला असतो. पाठीवर साडेतीन किलोची रायफल, तीन किलोमीटर स्की करून आलेला माणूस, ठोके कानात वाजतायत. एक चूक म्हणजे १५० मीटरचा जादा फेरा. तुमच्याकडे नेमबाजीचा जाड कोट घालून, पट्टे आवळून पाऊण तास निवांत चालतं.

पन्हाळ्याचा वारा
निवांत??? एका गोळीला किती पैसे पडतात माहितीय का? ऑर्डर देऊन तीन-तीन महिने डबा मिळत नाही, मग उधारीवर मित्राकडून घ्यायचा. 'निवांत' म्हणणाऱ्याने एकदा जूनमध्ये तो कोट घालून दाखवावा.

चहाबाज
मंडळी, मास स्टार्टवर धागा होता बहुतेक. माझा राग वेगळाच आहे. तीसच जण का? गुणतक्त्यातले पहिले पंचवीस आणि त्या आठवड्यात चमकलेले पाच. छोट्या देशाच्या पोराने काय करायचं? लाटव्हियाच्या रास्तोर्गुयेव्हसने २०२४ ला नोव्हे मेस्तोत याच शर्यतीत रौप्य घेतलं तेव्हा मी घरात एकटी ओरडले, सासूबाई पळत आल्या. आपल्याकडे हे टीव्हीवर लागत नाही, तो शोक आणखी वेगळा.

सुस्कारा
@चहाबाज, तीसच, कारण रेंजवर लेन तीसच. साठ सोडले तर अर्धे रांगेत उभे राहतील.

@पन्हाळ्याचा वारा, एवढी बशी वाटते ना? धावा आणि मारा. इथे येऊन सांगा.

ओस्लोकर
२४ मार्च २०१९, ओस्लोतलं होल्मेनकोलेन, हंगामाची शेवटची मास स्टार्ट. मी तिथे होतो. बो जिंकला, सोळावा विजय. आठवडाभरापूर्वी ऑस्टरसुंडला तोच माणूस शेवटच्या पाच गोळ्यांत ढेपाळला होता. शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, तिथे जिंकला असता तर आज मी आलोच नसतो, घरी बसून निकाल माहीत असता. तिरकसराव, तुम्हाला शर्यत बघायची आहे की हिशोब तपासायचा आहे?

पन्हाळ्याचा वारा
केलं. आज सकाळी. रेंजमागच्या चढावर चार फेऱ्या पळत, मग धापा टाकत आडवा. त्यांच्या प्रोनच्या मापाची, ४५ मिलिमीटरची कागदी चकती लावली होती, पाचात दोन. मग उभं राहून बशी. शून्य. पाचात शून्य! पोरं व्हिडिओ काढत होती, ग्रुपवर फिरतोय. बशी मोठी आहे हे मी अजून म्हणतो. फक्त ती जागेवर थांबत नव्हती.

चहाबाज
व्हिडिओ इकडे टाका.

तिरकस
सगळे भावनिक झालेत तर मीही थोडं सोडतो. काल शोधलं. विंडिश त्याआधी २०१६ ला कॅनडात कॅनमोरला वर्ल्ड कप शर्यत जिंकला होता, तीही मास स्टार्टच. म्हणजे गडी या प्रकारात अगदीच उपरा नव्हता. मान्य. पण तीन चुकवून जगज्जेता हे माझ्या डोळ्यांना खुपतं ते खुपतंच, आणि पाच शर्यतींच्या ग्लोबला मी ग्लोब म्हणणार नाही.

सुस्कारा
नका म्हणू. बोने तो परत दिल्याचं ऐकिवात नाही.

पन्हाळ्याचा वारा
व्हिडिओ टाकणार नाही. आणि ओस्लोकर, कोटाचं उत्तर अजून आलेलं नाही.