ओबामांचे शंभर दिवस: एवढं कौतुक कशाचं?

खडूस (१० मे २००९)

२९ एप्रिलला ओबामांचे अध्यक्षपदाचे शंभर दिवस भरले आणि इथल्या, अमेरिकेतल्या, वाहिन्यांवर नुसता बारशाचा थाट. नोव्हेंबरात ते निवडून आले तेव्हा मीही ऑफिसात पेढे वाटले होते, तेव्हा मला बुशभक्त म्हणायची घाई करू नका.

तक्रारी दोनच. १७ फेब्रुवारीला डेन्व्हरला जाऊन मंदीवर उतारा म्हणून आणलेल्या ७८७ अब्ज डॉलरच्या पॅकेजवर सही केली. त्याच कायद्यात सरकारी मदत घेणाऱ्या कंपन्यांच्या बोनसला लगाम आहे, पण ११ फेब्रुवारीपर्यंत लेखी ठरलेले बोनस त्यातून वगळलेत. मार्चमध्ये सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले, तेव्हा साहेब टीव्हीवर लालबुंद. अहो, पळवाट तुमच्याच सहीच्या वर छापलेली आहे!

दुसरी. जानेवारीत यांच्याच अर्थतज्ज्ञांनी आलेख काढला होता की पॅकेज आलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल. परवा शुक्रवारी एप्रिलचा आकडा आला, ८.९. आणि तरी पास?

एडिसनकर

खडूसराव, त्या ८.९ मध्ये मी आहे. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मॅनेजरने खोलीत बोलावलं आणि दुपारी खोका घेऊन मी पार्किंगमध्ये.

नोकरीपेक्षा धडकी भरली ती विम्याची. धाकट्याला दमा. जुनाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा, म्हणजे कोब्रा, तर महिन्याला ११५० डॉलर. बेकारभत्ता बघता अशक्यच. दोन रात्री आम्ही नवराबायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. मग पॅकेजचं पत्र आलं: नऊ महिने ६५ टक्के सरकार भरणार. माझ्या वाट्याला ४०२ डॉलर ५० सेंट. ते पत्र फ्रिजवर लावलंय, चुंबक गणपतीचा आहे. तुमचा आलेख कुठे लावलाय?

खडूस

एडिसनकर नाना, तुमची बाजू पटते आणि पोटातही तुटतं. पण ती मदत काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मंजूर केली. यांचं श्रेय किती?

शेवंता

मग बोनसची पळवाटही काँग्रेसचीच ना! चांगलं ते संसदेचं आणि वाईट ते अध्यक्षांचं, असा हिशेब आमच्याकडे सासूबाई करतात.

आलेखाबद्दल. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के वेगाने घसरली, असं जानेवारीच्या शेवटी सांगितलं होतं. मार्चपर्यंत तोच आकडा ६.३ झाला. रोगी वाटला त्यापेक्षा जास्त आजारी निघाला. आठ टक्क्यांचं भाकीत छातीठोक करायला नको होतं, एवढं मान्य.

मला खुपतंय ते ग्वांटानामो, क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग, दहशतवादाच्या संशयितांचा. २२ जानेवारीला, खुर्चीत बसून दोन दिवस झाले नाहीत तोच, वर्षभरात तुरुंग बंद करायचा आदेश काढला. टाळ्या मीही वाजवल्या. पण २४० च्या आसपास कैदी, त्यांना न्यायचं कुठे? स्वतःच्या राज्यात कोणी घ्यायला तयार नाही. आधी तारीख आणि मग कार्यालय शोधणारं लग्न आहे हे. माझ्या मते जानेवारी २०१० मध्ये तो तुरुंग तसाच असेल.

मिरचीठेचा

पुण्याहून लिहितोय. तुमचे दमे, तुरुंग ठीक, आमच्या पोटावर पाय आला त्याचं काय? गेल्या सोमवारी भाषणात बफेलो (न्यूयॉर्क राज्यातलं शहर) विरुद्ध बंगळूर काढलंच ओबामांनी. आणि पॅकेजमध्ये कलम घातलं की सरकारी मदत घेतलेल्या बँकांनी एच-वन-बीवर, म्हणजे परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावर, माणूस घ्यायचा तर आधी अमेरिकन माणूस शोधल्याचं दाखवा. माझ्या भाच्याचं तिकडच्या एका बँकेतलं पक्कं झालेलं ऑफर लेटर मार्चमध्ये परत गेलं. एमएसचं कर्ज डोक्यावर. त्या पोराने आमच्या हॉलमध्ये ओबामांचं पोस्टर लावलं होतं, मेव्हणीने ते काढून रद्दीत घातलं.

शेवंता

भाच्याचं वाईट वाटलं. पण ते भाषण नीट वाचा. बंगळूरला नोकरी दिली तर बफेलोपेक्षा कमी कर, ही सवलत बंद करू, असं ते म्हणाले. प्रचारातही हेच सांगत होते. आपण तेव्हा फक्त आवाज ऐकत होतो, शब्द नाही.

मिरचीठेचा

म्हणजे चूक आमचीच. बरं.

दिवाकरपंत

एक आगाऊ शंका. ही शंभर दिवसांची टूम अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टपासूनची. १९३३ मध्ये ९ मार्च ते १६ जून काँग्रेसचं खास अधिवेशन चाललं आणि त्या शंभर दिवसांत कायद्यांचा धडाका झाला. ती मोजपट्टी अधिवेशनाची होती. आपण ती अध्यक्षाच्या पाठीवर लावतोय. शिवाय तेव्हा दर चौथा कामगार बेकार होता, विरोधी पक्ष हबकलेला होता. यांच्या पॅकेजला खालच्या सभागृहात एकाही रिपब्लिकनाचं मत नाही, सिनेटमध्ये जेमतेम तिघांचं.

खडूस

पंत, मोजपट्टी चुकीची तर चुकीची. पण बोनसच्या कलमाला शंभर दिवस लागत नाहीत, वाचायला एक संध्याकाळ पुरते. एवढा घटनेचा प्राध्यापक माणूस, वाचून सही करेल अशी माझी अपेक्षा होती. दहापैकी पाच. नानांच्या पत्रासाठी अर्धा वाढवतो.

एडिसनकर

अर्धा मिळाला, पावलो. माझी सबसिडी नोव्हेंबरपर्यंत आहे. तेव्हा हा धागा मीच वर काढीन, मग काय ते गुण द्या. मंगळवारी प्रिन्स्टनला मुलाखत आहे, तीन महिन्यांत टाय बांधायची विसरलोय. कोणाला सोपी गाठ येते का?