कच्चा कैदी म्हणजे नक्की कोण?

सात रस्त्याला बोर्डवर 'मुंबई मध्यवर्ती कारागृह', पेपरात तुरुंग, बसमध्ये मात्र सगळे 'आर्थर रोड जेल'च म्हणतात. यात अर्थाचा काही फरक आहे का? आणि बातम्यांत 'कच्चा कैदी' येतं तो कोण?

उत्तर १:
ठिकाण तेच हो. तुरुंग पोर्तुगीजांकडून आला, कैद अरबीतून, कारागृह संस्कृत. खरा फरक आतल्या माणसाच्या नावात आहे. शिक्षा लागलेला तो पक्का, कागदोपत्री 'सिद्धदोष बंदी'. खटला अजून चालूच आहे, जामीन नाही म्हणून आत आहे तो कच्चा, म्हणजे 'न्यायाधीन बंदी'. आणि २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची! खात्याच्या नावात 'सुधारसेवा' आहे, पण ज्याचा गुन्हाच शाबित नाही त्याला सुधारायचं काय? सक्तमजुरी, कारखान्यातलं काम हे सगळं पक्क्यांसाठी, कच्च्याला कामाची सक्ती करता येत नाही, तो बराकीत बसून पुढच्या तारखेची वाट बघतो. त्यामुळे 'जेलमध्ये जाऊन माणूस सुधारतो का' हा वाद ऐकला की मी आधी विचारते, कुठला माणूस?

उत्तर २:
ताईंच्या बोलण्याला जोडून. 'जामीन झाला' आणि 'जामिनावर सुटला' हेसुद्धा लोक एकच समजतात. ऑर्डर निघते, मग जामीनदार लागतो, त्याचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप, राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या खोलीत राहणारा, कार्ड गावचं, ओळखीचे सगळे नाक्यावर काम करणारे, असा माणूस जामीनदार आणणार कुठून? जामीन होऊनही तो आतच, आणि घरचे कपड्यांची पिशवी घेऊन मुलाकातीच्या लाइनीत. नवीन कायद्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सोडायची तरतूद आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून), पण तोवर नोकरी गेलेली असते त्याचं काय.

सुधारणा बघायची तर आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बघा, औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली खुली वसाहत, कैदी बायकामुलांसोबत राहून शेती करतात. मला ही कल्पना मनापासून पटते. फक्त तिथे जायला आधी शिक्षा लागलेली असावी लागते.

प्रश्नकर्ता:
म्हणजे बातमीत नुसतं 'कैदी' लिहिलं तर वाचणारा त्याला गुन्हेगारच धरणार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच चालतं. यापुढे 'कच्चा' शब्द गाळणार नाही.