'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ला ताण म्हणावं का?

वेंगुर्लेवाली: गावातल्या रक्तदाब तपासणीत वाटायला एक पानभर मजकूर लिहितेय. 'वय वाढतं तसा रक्तवाहिन्यांवर ऑक्सिडीकारक ताण येतो' (म्हणजे 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस', ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू आवरेनासे होऊन होणारी हानी) हे वाक्य शेजारच्या काकींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माका कसलो ताण? झील कामाक लागलो, सून बरी आसा." ताण म्हटलं की माणूस मनाकडे वळतो. दुसरा शब्द कोणता?

खाडीकाठ: गंज. खाऱ्या वाऱ्यात पत्रा दोन पावसाळेही धड टिकत नाही, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. गंज म्हणजे ऑक्सिडीकरणच.

माडबन: मला गंज नको वाटतो. पत्रा निर्जीव, तो नुसता झिजतो. धमनीचं आतलं अस्तर जिवंत आहे, काम करतं. औषधशास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं, की अस्तर खरवडलं तर एरवी वाहिनी सैलावणारं ॲसिटिलकोलीन घालूनही पट्टी सैलावत नाही. अस्तरातून निघणारा तो सैलावणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं आणि १९९८ चं नोबेल त्या शोधाला मिळालं. रक्तदाब वाढलेला असतो तेव्हा धमनीच्या भिंतीतली काही विकरं (एन्झाइम) सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचा एक अतिक्रियाशील रेणू, जास्त बनवतात. ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतं, मग वाहिनी हवी तेव्हा सैल होत नाही. यात गंज कुठे बसतो? शिवाय 'गंज' ऐकून लोक गंज काढणारी गोळी शोधतील. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या चाचण्यांत हृदयविकार रोखू शकल्या नाहीत.

वेंगुर्लेवाली: मग खवट? खोबरं हवेनं खवटतं तसं.

माडबन: शब्द आवडला, उदाहरण बदला. खोबऱ्याच्या खवटपणात ओलावा आणि बुरशीचा हात मोठा असतो. सुका बांगडा, सुकी तारली घ्या. त्यांचं तेल हवेतल्या ऑक्सिजननं खवटतं, मासा पिवळा पडतो, वास येतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी. धमनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलचंही, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचंही, तसंच होतं. पण खवट हा शब्द चरबीपुरताच. नायट्रिक ऑक्साइड संपण्याला तो लावू नका.

खाडीकाठ: गंज मागे घेतो. वयाच्या भागासाठी मात्र आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: निबर. भेंडी निबर होते, दोडका निबर होतो. कोवळी असते तोवर वाकते, मग मोडते. 'धमनीकाठिण्य' वाचून कुणाला काही दिसत नाही, 'धमनी निबर झाली' म्हणताच बोटांना कळतं. महाधमनीतले लवचीक तंतू तुटत जातात, कोलॅजन हे ताठ तंतूंचं प्रथिन वाढतं. हृदयाचा प्रत्येक ठोका त्या ताठ भिंतीवर आदळतो, म्हणून साधारण पन्नाशी-साठीनंतर रक्तदाबाचा वरचा आकडा चढत जातो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. आमच्या वडिलांचा १६० वर ७० यायचा. खालचा चांगला आहे म्हणून घरातल्या आम्ही कुणीच लक्ष दिलं नाही. अजून सलतं ते.

माडबन: धमनी हा शब्दही फुंकण्याच्या धातूवरून आलाय, भाता फुंकावा तसा. भात्याचं चामडं वातड झालं तर काय होतं, ते लोहाराला विचारा.

वेंगुर्लेवाली: 'ताण' काढला. वाक्य असं केलं: 'वयानं धमनी निबर होते. तिचं अस्तर तिला सैल ठेवणारा पदार्थ बनवतं, पण वाढलेल्या रक्तदाबात ऑक्सिजनचे बिथरलेले रेणू तो पदार्थ टिकू देत नाहीत.' खवट ठेवलं नाही, एका पानात एलडीएल मावत नाही.

काकींना पुन्हा वाचून दाखवलं. निबर लगेच पोचलं. मग विचारलं, "मगे सुको बांगडो खावचो काय नाय?" ते मिठाचं. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि सुक्या मासळीतलंही त्यातच मोजायचं. हे वाक्य खाली जोडतेय. 'बिथरलेले'ला आणखी बरा शब्द सुचला तर सांगा, पानं परवा छापायची आहेत.