समुद्र आहे म्हणून मुंबईची हवा आपोआप साफ होते?

खारघरकर
काल दादरकरांनी लिहिलं की समुद्र आहे तोवर मुंबईची दिल्ली होत नाही, गिरण्या गेल्या, कारखाने शहराबाहेर गेले, आता उरली ती बांधकामाची धूळ, मेट्रो आणि टॉवर झाले की हवा साफ. वर लाईकही भरपूर. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

कारखाने बाहेर गेले म्हणजे कुठे गेले हो? ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, डोंबिवली, अंबरनाथ, तिकडे तारापूर. तिथे माणसं राहत नाहीत का? आणि चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या, खताचा कारखाना, ट्रॉम्बेचं वीज केंद्र हे तर जागचं हललेलंच नाही. समुद्राचं म्हणाल तर दुपारी वारा समुद्रावरून आत येतो, शहराची घाण उचलून आमच्याकडे ढकलतो, आणि रात्री उलटा फिरून जमिनीवरून समुद्राकडे जातो. हिवाळ्यात दोन्ही वारे मंद, वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसलेला, म्हणजे तीच हवा पुढे-मागे होत राहते. रात्री अकरानंतर एमआयडीसीकडून केमिकलचा वास सुरू होतो तो पहाटेपर्यंत, खिडक्या बंद करून झोपायचं, आणि सकाळी ॲप उघडावं तर 'समाधानकारक'. कारण एक्यूआय, म्हणजे ॲपवरचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा, काढतात आठच प्रदूषकांवरून, त्यात बारीक कण आहेत, ओझोन आहे, अमोनिया आहे, पण बेंझिनसारखी विषारी वाफ नाही, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड नाही. आम्हाला ज्याचा त्रास होतो ते त्या आकड्यात येतच नाही.

दादरकर
माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. नोकरीसाठी दिल्लीत राहिलोय, नोव्हेंबरात समोरची बिल्डिंग दिसायची नाही, तेव्हा समुद्राचा फायदा मला शिकवू नका. आणि धूळ तुम्हाला किरकोळ वाटते? आमच्यासमोर रिडेव्हलपमेंट चालू आहे, वडिलांना रोज नेब्युलायझर लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, पालिकेने नियम काढले, उंच इमारतींना ३५ फूट पत्रे, हिरवं कापड, पाणी मारायचं. आमच्या इथे कापड फाटून लोंबतंय. डिसेंबर २०२४ च्या शेवटी भायखळा आणि बोरिवली पूर्वेला बांधकामं थांबवली, जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदला म्हणून कोर्टाने सांगितलं. धुळीचा आणि धुराचाच प्रश्न आहे म्हणून ना?

गिरगावचा_पाव
बेकऱ्यांचं नाव काढलंत म्हणून बोलतो. आमची आजोबांपासूनची भट्टी आहे. आम्हाला सहा महिने, आणि माहुलच्या तेल-केमिकलच्या टाक्यांना किती वर्षं? पाईप गॅससाठी अर्ज केला तर गल्लीत लाईनच नाही म्हणाले, सिलेंडरवर करायचं तर पावाचा भाव परवडत नाही, वडापाववाला दुसरीकडून घेणार. सोपं गिऱ्हाईक म्हणजे आम्ही.

लालबाग_तिसरा_मजला
भट्टीच्या वरच्या मजल्यावर राहून बघा मग बोला!! गॅलरीत कपडे वाळत घातले की काळे ठिपके, आई दम्याची. आणि लाकूड म्हणजे काही बाभळीचं सरपण नसतं, तोडलेलं फर्निचर, प्लायवूड, त्यावरचं पॉलिश आणि रंग सगळं आत जातं. दोनदा सांगायला गेलो तर अंगावर आले.

गिरगावचा_पाव
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे प्लाय जळत नाही. आणि कडक पावाला, ब्रूनला जो पापुद्रा येतो तो इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये आणून दाखवा.

लालबाग_तिसरा_मजला
पापुद्र्यासाठी माझ्या आईने खोकायचं का? शब्द जपून वापरा.

चेंबूरकरीण
अहो पावावरून काय भांडताय! माहुलचं कोणी बोलणार आहे का? २०२० मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, तिथल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींचा दंड लावला तो हवेत मिसळणाऱ्या वायूंसाठी, धुळीसाठी नव्हे. आणि त्याच हवेत पालिकेने तानसा पाइपलाइनजवळची घरं पाडून माणसं नेऊन टाकली, शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की यांना महिना १५,००० भाडं द्या, दुसरीकडे राहू दे. माझी मावशी त्या इमारतींत होती, अंगावर चट्टे, डोळे सतत लाल. दादरकर, ही कुठली धूळ?

प्लँटमधला
मी केमिकल प्लँटमध्ये शिफ्ट करतो. सगळे आम्हालाच चोर ठरवताय, मग औषधं, रंग, खतं कुठून येणार, आणि माझं घर कोण चालवणार? कारखाना हलवा म्हणणं सोपं आहे. पण एक सांगतो, आधीच्या कंपनीत रात्री तपासणी होणार नाही हे ठरलेलंच असायचं, स्क्रबरचा, म्हणजे बाहेर जाणारा वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राचा, पंप वीजबिल वाचवण्यासाठी बंद ठेवलेला मी पाहिलाय. खारघरकरांचा रात्रीचा वास खोटा नाही, एवढं कबूल करतो, यापुढे नाही.

डोंबिवली_पूर्व
रात्रीच कशाला, आमच्याकडे २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, मे २०१६ आणि मे २०२४ ला स्फोट झाले. प्रत्येक वेळी मंत्री आले, हलवू म्हणाले. घरं आधी की कारखाने आधी यावर वाद घालून घालून आमची पिढी गेली. कारखाने आधी होते, मान्य, पण शेजारी घरांना परवानगी दिली कोणी?

दादरकर
वाऱ्याचं उलटसुलट होणं मी लक्षात घेतलं नव्हतं, ठीक आहे. पण वर्षाचा आकडा दिल्लीपेक्षा चांगला आहे हे तर खरं ना?

खारघरकर
चांगला दिसतो कारण पावसाळ्याचे चार महिने त्यात मिसळलेले असतात. जुलैत कुठलंही शहर धुतलं जातं. मला डिसेंबर-जानेवारीची रात्र सांगा. आणि दिल्लीशी तुलना कशाला, आपली पीएम २.५ ची, म्हणजे बारीक कणांची, वार्षिक मर्यादाच घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. बेंझिनलाही देशात मर्यादा आहे, वर्षाच्या सरासरीत ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मोजता येत नाही असं नाही, आमच्या वस्तीत रात्री मोजून रोज लोकांसमोर ठेवत नाहीत एवढंच. प्रदूषण मंडळाकडे अर्ज करतोय, तळोजा, डोंबिवली, माहुल तिन्हीकडे रात्री १२ ते ५ चे आकडे वेगळे लावा आणि रात्रीच तपासणीला या. सह्या हव्यात.

दादरकर
सही करतो. पण त्यात बांधकामाच्या नियमांचा मुद्दा घाला, नाहीतर नाही करणार.

गिरगावचा_पाव
आणि गॅसच्या लाईनचा. भट्टी बदलायला मी तयार आहे, लाईन तर द्या.

लालबाग_तिसरा_मजला
लाईन येईपर्यंत निदान प्लाय जाळू नका. ते लिहा, मग माझीही सही.