गिझर तापायला पाऊण तास लागतो. नवीन न घेता दुरुस्ती होईल का?

प्रश्नकर्ता, लातूर :
नमस्कार. आमच्या घरी १५ लिटरचा, २००० वॅटचा, भिंतीवर उभा बसवलेला गिझर सहा वर्षांपासून आहे आणि त्याला बोअरचे पाणी येते. पूर्वी वीस-बावीस मिनिटांत पाणी आंघोळीजोगे तापत असे. या हिवाळ्यात त्याच कामाला पाऊण तास लागतो आणि मधूनमधून आतून उकळल्यासारखा खडखड आवाज येतो. पाहायला आलेल्या कारागिराने झाकण न उघडताच नवीन गिझर घेण्याचा सल्ला दिला. सध्या सात-आठ हजार रुपये खर्च करण्याची आमची स्थिती नाही. वडिलांना पहाटे सहाला गरम पाणी लागतेच. हजार रुपयांच्या आत काही करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

विद्युत तंत्रज्ञ, सोलापूर :
नमस्कार. एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी गिझर प्रत्यक्षात किती वीज ओढतो हे मोजा. त्यासाठी घरातला वीजमीटर पुरेसा आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी साधारण ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे २००० वॅटच्या कॉइलला सुमारे २१ मिनिटे. तुमचा जुना अनुभव या हिशेबाशी जुळतो, त्यामुळे गिझर मुळात कमी क्षमतेचा नाही.

आता फ्रिजसह घरातले बाकी सर्व बंद करून फक्त गिझर लावा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स (म्हणजे लुकलुक) असे छापलेले असेल, तर २००० वॅटला मिनिटाला सुमारे १०७ लुकलुक दिसायला हव्यात. सत्तरच्या आसपास दिसल्या तर बहुधा व्होल्टेज कमी आहे. २३० ऐवजी १८५ व्होल्ट मिळाले, तर तीच कॉइल जेमतेम १३०० वॅट देते आणि पाण्याला अर्धा तास सहज लागतो. तो दोष गिझरचा नसल्यामुळे नवीन गिझर आणूनही फरक पडणार नाही. मोजणी एका मिनिटावर थांबवू नका, दहा-पंधरा मिनिटे लक्ष ठेवा.

एक कळकळीची विनंती. काही कारागीर ‘लवकर तापेल’ म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक अंशांपर्यंत तापले की वीज तोडणारा भाग, वगळून तारा सरळ जोडून देतात. तसे कोणालाही करू देऊ नका. वीज तोडणारे काहीच उरले नाही, तर टाकीत वाफ कोंडून ती फुटू शकते.

प्रश्नकर्ता, लातूर :
आज मोजले. मीटरवर ३२०० हाच आकडा आहे. पहिली सहा मिनिटे मिनिटाला १०५ लुकलुक होत्या, नंतर दिवा जवळजवळ थांबला, तीन-चार मिनिटांनी पुन्हा तसाच वेगाने सुरू झाला आणि हे आलटूनपालटून चालू राहिले. पाणी मात्र तेव्हा कोमटच होते.

विद्युत तंत्रज्ञ, सोलापूर :
मग कॉइल आणि व्होल्टेज दोन्ही ठीक आहेत. कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षारांचा जाड थर बसला असावा. उष्णता पाण्यात न जाता थराखाली अडकते, थर्मोस्टॅटला पाणी तापल्याचा भास होतो आणि तो वेळेआधीच वीज तोडतो. खडखड आवाजही या थराचाच. सफाई करून घ्या; त्यानंतरही अशीच उघडझाप राहिली तरच थर्मोस्टॅट बदला.

गृहिणी, छत्रपती संभाजीनगर :
आमच्याकडेही बोअरचेच पाणी असल्यामुळे हे काम मी दर दोन वर्षांनी समोर उभी राहून करून घेते. एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री केल्यावर पाणी पूर्ण काढावे आणि मग खालची प्लेट उघडावी. काढलेली कॉइल कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तीन-चार तास बुडवून ठेवावी; तारा जोडण्याची टोके मात्र पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व यासाठी पुरते. संडास साफ करायचे ॲसिड कोणी सुचवले तर नाही म्हणा, त्याने धातू खाल्ला जातो. टाकीच्या आत काचेचा लेप असेल, तर क्षार स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नयेत, लाकडी काडीने सैल करून धुऊन काढावेत.

प्लेट उघडलीच आहे तर ॲनोड रॉड नक्की पाहा. मॅग्नेशियमची ती कांडी स्वतः झिजते म्हणून टाकी गंजत नाही. आमची पहिली टाकी गळाली तेव्हा आत कांडीची नुसती तार उरली होती, आणि तोवर अशी काही वस्तू असते हे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते. रबरी गॅस्केट नवे घाला. शेवटी गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्या आणि मगच बटण लावा, कारण कोरडी कॉइल बघता बघता जळते.

प्रश्नकर्ता, लातूर :
दुसऱ्या कारागिराकडून काल सफाई करून घेतली. टाकीतून अर्धे घमेले पांढऱ्या खपल्या निघाल्या. कॉइल शाबूत होती, कांडी मात्र बोटभरच उरली होती. कांडी आणि गॅस्केटचे ३५० आणि मजुरीचे ५०० असे एकूण ८५० रुपये लागले. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घेतले. आज पहाटे पाणी २३ मिनिटांत तापले, दिवा मध्ये एकदाही थांबला नाही. पाणी जितके जास्त तापते तितका क्षार अधिक सुटतो असे कारागिराने सांगितल्यामुळे थर्मोस्टॅट आता ५५ अंशांवर ठेवला आहे, आणि वडिलांच्या एका बादलीला तेवढे पुरते.